शामोनीत क्लाइंबिंग किंवा स्कीच्या कोर्सला जाताय? आधी मुक्कामाचं पक्कं करा

उत्तरकाशीला किंवा दार्जिलिंगला गिर्यारोहणाचा बेसिक कोर्स केलेल्यांना एक सवय लागलेली असते. फी भरली की झोपायची जागा, जेवण, अगदी तंबूतली चटईसुद्धा संस्थेची. फ्रान्समध्ये शामोनीला कोर्सचं नाव नोंदवताना मीही तेच गृहीत धरलं होतं. मेलमधली बारीक अक्षरातली ओळ वाचली तेव्हा कळलं की फी मुख्यतः गाइडची आहे. खाली गावातला मुक्काम आपला आपण बघायचा. वर डोंगरातल्या निवाऱ्यांचं बुकिंग गाइड करतो, पण पैसे बहुतेक वेळा आपल्यालाच द्यावे लागतात.

मी तिथे दोनदा जाऊन आले. आधी जुलैमध्ये सहा दिवसांच्या अल्पाइन कोर्सला, नंतर मार्चमध्ये स्की शिकायला. पहिल्या वेळी आठवडाभरासाठी फ्लॅट घेतला आणि त्यातल्या तीन रात्री वर डोंगरात काढल्या. त्या तीन रात्रींचे पैसे दोनदा गेले. तुमचे तरी जाऊ नयेत म्हणून सगळं क्रमाने लिहितेय.

१. आधी रात्री मोजा

कोर्सच्या दिवसांची संख्या आणि खोलीच्या रात्रींची संख्या एक नसते. पहिल्यांदा बर्फावर जाणाऱ्यांचा नेहमीचा कोर्स असा चालतो: आदल्या संध्याकाळी भेट आणि सामानाची तपासणी. पहिला दिवस मेर द ग्लास या हिमनदीवर क्रॅम्पॉन (बुटाखाली बांधायचे काटे) आणि आइस अॅक्सचा (बर्फाच्या कुऱ्हाडीचा) सराव, रात्री परत गावात. मग दोन-तीन रात्री वर, बहुतेक वेळा आल्बेर प्रमिये या रेफ्यूजमध्ये, म्हणजे डोंगरातल्या निवाऱ्यात. तिथून एग्युई द्यू तूरसारखं साडेतीन हजार मीटरचं शिखर. शेवटी पुन्हा खाली.

हे कागदावर मांडा, प्रत्येक रात्रीपुढे ‘गाव’ किंवा ‘वर’ असं लिहा, आणि मग कोर्स चालवणाऱ्या शाळेला हे प्रश्न मेलने विचारा:

- वरच्या रात्रींचं बुकिंग कोण करणार? पैसे फीमध्ये धरलेत की तिथे भरायचे?
- गाइडच्या वरच्या राहण्या-जेवण्याचा खर्च आमच्यात वाटला जाणार का? बऱ्याच कोर्समध्ये तो वाटला जातो, आणि ही रक्कम कुणी आधी सांगत नाही.
- पहिल्या संध्याकाळी भेट कुठे आहे? कोणत्या गावात?
- हवा बिघडली तर त्या रात्री आम्ही कुठे?

उत्तर लेखी घ्या. फोनवर ‘काळजी करू नका’ म्हणाले तरी.

कोर्सच्या आधी निदान एक पूर्ण दिवस मोकळा ठेवा. मुंबईहून जिनिव्हाला विमान बदलत जावं लागतं, आणि तिथून शामोनी रस्त्याने साधारण सव्वा तास. माझी डफल बॅग एक दिवस उशिरा आली. दिवस हाताशी होता म्हणून बूट भाड्याने शोधायची वेळ आली नाही.

२. खोऱ्यातलं गाव निवडा

‘शामोनी’ म्हणतात ते एक गाव नाही, लांबच लांब खोरं आहे. खालच्या टोकाला सेर्वो आणि लेझूश, मग ले बोसों, ले पेलरँ, मध्ये शामोनी, पुढे ले प्रा, आर्जांतिएर आणि अगदी वर ल तूर. त्यापलीकडे घाट ओलांडून वालोर्सीन. नावांच्या शेवटी पाटीवर झेड किंवा एक्स दिसतो, तो उच्चारायचा नसतो. बसचालकाला ‘प्राझ’ म्हणालात तर तो बुचकळ्यात पडेल.

शामोनी गावात (उंची १०३५ मीटर) गाइडांची कार्यालयं, सामानाची दुकानं, सुपरमार्केट, एग्युई द्यू मिदी या शिखराची केबल कार आणि माँतांवेरची छोटी रेल्वे सगळं चालत जाण्याच्या अंतरावर. पहिल्यांदा येणाऱ्याने, एकट्याने येणाऱ्याने इथेच राहावं असं माझं मत. महाग पडतं, पण रोज सकाळची धावपळ वाचते.

आर्जांतिएर शांत, डोंगरी लोकांचं, ल तूरच्या वाटेवर. कोर्स आल्बेर प्रमियेच्या बाजूने असेल किंवा स्की शिकायची असेल तर हे गाव सोयीचं. लेझूश त्या मानाने परवडतं, पण आर्जांतिएरच्या अगदी उलट्या टोकाला. कोर्स ल तूरला भरत असेल आणि तुम्ही लेझूशला राहिलात, तर सकाळी अख्खं खोरं ओलांडावं लागेल.

खोऱ्यातून बस आणि लाल रंगाची रेल्वे दोन्ही धावतात. मुक्कामाच्या जागेवर ‘कार्त द ओत’ म्हणजे पाहुण्याचं कार्ड मिळतं, त्यावर स्थानिक प्रवासात सवलत असते. पोचल्या पोचल्या मागून घ्या आणि कोणत्या बसला, कोणत्या टप्प्याला चालतं ते तिथेच विचारा. संध्याकाळी उशिरा बस विरळ होतात, तेव्हा जागा निवडताना शेवटच्या बसची वेळ पाहा.

३. जागेचा प्रकार ठरवा

जीत हा माझ्या मते कोर्सवाल्यांसाठी सगळ्यात चांगला पर्याय. चालणाऱ्या-चढणाऱ्यांसाठी चालवलेलं साधं निवासघर. चार ते बारा जणांच्या खोल्या, सामायिक न्हाणीघर, बऱ्याच ठिकाणी सामायिक स्वयंपाकघर. रात्रीपुरतं बेड घेता येतं, म्हणून वर जाणाऱ्या रात्री सोडून आधीच्या आणि नंतरच्या रात्री बुक करता येतात. ओले दोर आणि बूट वाळवायला जागा असते, पहाटे चारला उठून निघालात तरी कुणाला नवल वाटत नाही. वर जाताना जास्तीची बॅग ठेवून घेतील का, हे बुकिंग करतानाच विचारा. बहुतेक जण ठेवून घेतात.

हॉस्टेल त्याच चालीचं, गर्दी जास्त, वय कमी.

भाड्याचा फ्लॅट चौघं-पाचजण असाल तरच. उन्हाळ्याच्या आणि स्कीच्या ऐन हंगामात फ्लॅट शनिवार ते शनिवार असेच मिळतात, कोर्स मात्र रविवारी संध्याकाळी सुरू होऊन शुक्रवारी संपू शकतो. शिवाय जाहिरातीतल्या भाड्यात चादरी-टॉवेल, शेवटची साफसफाई आणि माणशी प्रत्येक रात्रीचा पर्यटन कर नसतो. वर अनामत रक्कम असते, ती कार्डावर अडकून राहते. भाडं तुलना करताना हे सगळं मिळवून बघा.

फ्लॅटमध्ये स्वयंपाक करणार असाल तर घरचा अॅल्युमिनियमचा कुकर नेऊ नका, शेगडी इंडक्शनची असेल तर तो तापणारच नाही. स्टीलचा, इंडक्शनवर चालणारा छोटा कुकर असेल तर न्या. आणि फोडणी देताना खिडकी उघडा. पहिल्याच संध्याकाळी मोहरी तडतडली आणि पाठोपाठ छतावरचा धुराचा अलार्म. शेजारचे गृहस्थ पायजम्यावर धावत आले. त्यांना वरणभात खाऊ घातला, पण त्या वेळी जीव घाबरला होता.

हॉटेल सोबत आई-वडील किंवा लहान मूल असेल तर. कोर्सच्या माणसाला पहाटेचा नाश्ता मिळेल का, हे आधी विचारा. नसेल तर आदल्या रात्री ब्रेड-चीज बांधून देतात.

कॅम्पसाइट उन्हाळ्यात स्वस्त आणि मोकळी. ले प्राच्या पुढे आणि ले बोसोंला चांगल्या जागा आहेत. पण तीन दिवस बर्फात भिजून आल्यावर पावसात तंबूत शिरायची तयारी हवी. सह्याद्रीत देवळात, गुहेत, गावकऱ्याच्या ओसरीवर पथारी टाकायची आपल्याला सवय, त्यामुळे ‘कुठेही झोपू’ असं वाटतं. इथे खोऱ्यात वाटेल तिथे तंबू ठोकता येत नाही.

तारखांबद्दल दोन गोष्टी. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात माँ ब्लाँ या शिखराभोवतीची मोठी धावण्याची शर्यत असते, तेव्हा खोऱ्यात खोली मिळत नाही आणि मिळाली तर दाम दुप्पट. हिवाळ्यात फ्रेंच शाळांची फेब्रुवारीची सुट्टी. ती तीन विभागांना टप्प्याटप्प्याने असते, म्हणून जवळपास महिनाभर गर्दी राहते.

४. वरचा मुक्काम: रेफ्यूज समजून घ्या

गावातली चुकीची खोली निभावून नेता येते, रेफ्यूजमध्ये तयारीविना गेलात तर दुसऱ्या दिवशीची चढाई जाते.

रेफ्यूज म्हणजे डोंगरात उंचावर बांधलेला निवारा. उन्हाळ्यात तिथे ‘गार्दियँ’ म्हणजे रखवालदार असतो. तोच स्वयंपाक करतो, तोच हवामान सांगतो, त्याचा शब्द शेवटचा. आल्बेर प्रमिये २७०२ मीटरवर आहे. एग्युई द्यू मिदीजवळचा कोस्मिक ३६१३ वर. इटलीच्या बाजूला तोरिनो ३३७५ वर. माँ ब्लाँच्या नेहमीच्या वाटेवर तेत रूस ३१६७ वर आणि त्याच्या वर गूते, ३८०० मीटरच्याही पुढे.

उंचीचे हे आकडे झोपेसाठी महत्त्वाचे आहेत. केबल कारने अर्ध्या तासात कोस्मिकच्या उंचीला जाता येतं, पण पहिल्याच रात्री तिथे झोपलात तर डोकं धरून बसाल. शरीराला सवय लावायची तर आधी आल्बेर प्रमियेसारख्या ठिकाणी एक-दोन रात्री काढा. गाइडने वेळापत्रक असंच आखलंय ना, ते बघा.

बुकिंग माणसाच्या नावावर असतं. माँ ब्लाँच्या नेहमीच्या वाटेवर मुक्काम करायचा तर २०१९ पासून रेफ्यूजचं बुकिंग दाखवावं लागतं, नाव जुळावं लागतं, आणि वाटेत आपला तंबू लावायला बंदी आहे. गूतेत १२० जागा आहेत. हंगामाचं बुकिंग उघडलं की जुलै-ऑगस्टच्या तारखा भराभर संपतात. ‘तिथे गेल्यावर बघू’ ही आपली चाल तिथे चालत नाही.

‘देमी-पान्सिओं’ म्हणजे रात्रीचं जेवण, झोपायची जागा आणि सकाळचा नाश्ता. माणशी ६० युरोंच्या पुढे धरा, उंच ठिकाणी त्याहून बरंच जास्त. पाणी वेगळं. वरच्या अनेक रेफ्यूजमध्ये नळाला पिण्याचं पाणी नसतं, बाटली विकत घ्यावी लागते आणि ती गावातल्यापेक्षा कितीतरी महाग. दोन दिवसांत मी सहा बाटल्या घेतल्या. कार्ड चालतं की नाही यावर अवलंबून राहू नका, सुटे युरो जवळ ठेवा. ऑस्ट्रियन अल्पाइन क्लबसारख्या एखाद्या क्लबचं सदस्यत्व असेल तर फ्रेंच अल्पाइन क्लबच्या रेफ्यूजमध्ये मुक्कामाच्या दरात सवलत मिळते. चार-पाच रात्री वर असतील तर सदस्यत्वाची फी बरीचशी वसूल होते.

आता एक संध्याकाळ सांगते, म्हणजे अंदाज येईल. ल तूरहून लिफ्टने वर जाऊन दोन-अडीच तास चालत आम्ही आल्बेर प्रमियेला पोचलो. दारातच बुटांची खोली. क्रॅम्पॉन, आइस अॅक्स, काठ्या, बूट सगळं तिथे काढून ठेवायचं. फळीवर रबरी चपला मांडलेल्या, त्यातली आपल्या मापाची घालायची. सामानावर नाव हवं, कारण पहाटेच्या अंधारात सगळ्यांचे काळे क्रॅम्पॉन सारखेच दिसतात. मी माझ्या अॅक्सला लाल नाडा बांधला होता, तो मोलाचा ठरला. मग गार्दियँकडे नाव सांगायचं, तो खोली आणि गादीचा क्रमांक देतो. गाद्या फळ्यांवर ओळीने, खांद्याला खांदा लागेल अशा. ब्लँकेट तिथलं, पण त्याच्या आत घालायची चादरीची पिशवी आपली. तिला फ्रेंचमध्ये ‘साक आ व्यांद’ म्हणतात आणि ती सक्तीची आहे. मी पुण्यात शिंप्याकडून जुन्या मऊ चादरीची शिवून घेतली. दुकानातली रेशमी महाग असते, पण हलकी.

सातच्या सुमाराला सगळे लांब टेबलांवर एकत्र जेवायला. आधी सूप, मग मुख्य पदार्थ, चीज, शेवटी काहीतरी गोड. शाकाहारी असाल तर बुकिंगच्या वेळी सांगा, पोचल्यावर नाही, कारण सामान हेलिकॉप्टरने वर येतं. अंडं चालत नसेल तर ते वेगळं सांगा. तिथे शाकाहारी म्हटलं की ऑम्लेट समोर येतं. मी सोबत मेतकूट आणि शेंगदाण्याची चिक्की नेली होती, सूपनंतरच्या नुसत्या पास्त्यावर मेतकूट भुरभुरलं आणि शेजारच्या दोघींनीही मागून घेतलं. तूप, पनीर वगैरे बॅगेत नको, बाहेरून युरोपात दुधाचे पदार्थ आणायला मनाई आहे.

साडेआठ-नऊला दिवे बंद. पहाटेचा नाश्ता शिखरानुसार, दोनला, तीनला किंवा चारला. सॅक आदल्या रात्री भरून बुटांच्या खोलीत ठेवा. रात्री प्लॅस्टिकच्या पिशव्या कुरकुरवणाऱ्या माणसाला सगळी खोली शिव्या देते, म्हणून कापडी पिशव्या वापरा. अंघोळ विसरा.

रेफ्यूजसाठी बॅगेत:

- चादरीची पिशवी
- हेडलँप आणि जादा बॅटरी
- कानात घालायचे बोळे (हे नक्की)
- पॉवर बँक, कारण प्लग कमी असतात
- टॉयलेट पेपर आणि ओले रुमाल
- सुटे युरो
- पासपोर्टची प्रत आणि विम्याचा क्रमांक
- कचऱ्याची पिशवी. आपला कचरा आपणच खाली आणायचा

आणि काही कारणाने वर जाता येणार नसेल तर गार्दियँला फोन करून कळवा. नाव यादीत आहे आणि माणूस आला नाही, तर तो वाटेत काही झालंय का या काळजीत राहतो.

५. हवा बिघडली तर

आल्प्समध्ये तीन दिवसांपैकी एक दिवस वादळी निघणं नवलाचं नाही. गाइड बेत बदलतो: वरच्या रात्री पुढे ढकलतो, किंवा सगळ्यांना घेऊन बोगद्यातून इटलीच्या बाजूला जातो. तुमचा गावातला मुक्काम हे झेपवू शकला पाहिजे. म्हणून गावातल्या रात्री अशा जागी घ्या जिथे एक-दोन दिवस आधीपर्यंत रद्द किंवा बदल करता येतो, चार युरो जास्त पडले तरी चालेल. ‘परत मिळणार नाही’ असं लिहिलेली स्वस्त खोली कोर्सच्या काळात घेऊ नका. रेफ्यूजच्या बुकिंगच्या रद्द करण्याच्या अटीही वाचा.

६. व्हिसा आणि मुक्कामाचे कागद

शेंगेन व्हिसासाठी प्रत्येक रात्रीचा पुरावा लागतो, आणि इथेच कोर्सवाले अडकतात. गावातल्या रात्रींची बुकिंग असतात, मधल्या ‘वर’च्या रात्री कोऱ्या राहतात. शाळेकडून तारीखवार पत्र मागवा: कोणत्या रात्री कोणत्या रेफ्यूजमध्ये, कुणाच्या बुकिंगवर. ते पत्र अर्जाला जोडा. फ्रान्समध्ये राहणाऱ्या नातेवाइकाकडे उतरणार असाल तर त्याला तिथल्या नगरपालिकेतून यजमानपणाचा दाखला काढावा लागतो, नुसतं पत्र चालत नाही.

बाकीचे कागद: परतीनंतर निदान तीन महिने चालणारा पासपोर्ट, फोटो, विमानाचं बुकिंग, बँकेचं स्टेटमेंट, प्राप्तिकराचं विवरण, नोकरीच्या ठिकाणचं रजेचं पत्र, कोर्सची पावती, आणि किमान ३०,००० युरोंचा प्रवास विमा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. उन्हाळ्यासाठी मार्च-एप्रिलमध्येच कामाला लागा.

विम्याची एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. व्हिसाला चालणाऱ्या साध्या पॉलिसीत गिर्यारोहण बहुधा वगळलेलं असतं. दोर, हिमनदी, स्की हे शब्द पॉलिसीत शोधा. बचावाचा आणि हेलिकॉप्टरचा खर्च स्वतंत्रपणे धरलेला हवा. बेत बदलून इटली किंवा स्वित्झर्लंडच्या बाजूला गेलात तर तिथल्या बचावाचं बिल येतं.

७. स्कीचा कोर्स असेल तर वेगळा विचार

स्कीमध्ये रात्री गावातच असतात, तेव्हा आठवड्याची एकच जागा घेणं ठीक. इथे खरा प्रश्न अंतराचा. स्कीचे बूट घालून गोठलेल्या रस्त्यावर खांद्यावर स्की घेऊन तीनशे मीटर चालून बघा, मग ‘लिफ्टपासून दहा मिनिटं’ याचा अर्थ कळतो. बसथांबा दारात हवा.

शामोनीतले स्कीचे बहुतेक उतार एकमेकांना जोडलेले नाहीत, खोऱ्यात विखुरलेत. नवशिक्यांचे वर्ग ल तूरला, आर्जांतिएरच्या ले शोझालेला किंवा गावातल्या ले प्लानारला भरतात. वर्ग कुठे आहे ते कळल्याशिवाय खोली घेऊ नका. सामान उताराजवळच्या दुकानातून भाड्याने घ्या आणि रात्री तिथेच ठेवता येतं का विचारा. बऱ्याच दुकानांत ती सोय असते, मग ओझं वाहायचं उरत नाही. राहत्या जागी बूट वाळवायची खोली आहे का, हे दुसरं. ओल्या बुटांत दुसऱ्या दिवशी सकाळी पाय घालणं फार त्रासाचं.

मी मार्च निवडला आणि पुन्हा मार्चच निवडेन. सुट्टीची गर्दी ओसरलेली, दिवस मोठे, आर्जांतिएरमध्ये जीतचं बेड आरामात मिळालं.

८. निघायच्या दिवशी

फ्लॅट असेल तर आत शिरताच सगळ्या खोल्यांचे फोटो काढून ठेवा आणि निघताना पुन्हा काढा. अनामत परत मिळवताना तेच कामी आले. बहुतेक ठिकाणी सकाळी दहापर्यंत खोली सोडावी लागते. कोर्स संपल्यावर दुसऱ्याच पहाटेचं विमान घेऊ नका. भाड्याचे बूट परत करायचे असतात आणि दुकानं पहाटे उघडत नाहीत. जिनिव्हाला जाणाऱ्या गाडीत जागा दोन दिवस आधी सांगून ठेवा, शनिवारी ती भरून जाते.

माझ्या शेवटच्या सकाळी जीतच्या बाईंनी ओली चादरीची पिशवी माझ्या हातातून घेतली, ‘ही वाळलेली नाही’ असं खुणेने सांगितलं आणि बूट वाळवायच्या खोलीतल्या गरम पाइपवर टाकली. गाडी यायच्या आत ती कोरडी होऊन बॅगेत गेली.